नदीखोऱ्याची निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठी काम करणारे गट, जमीनमालक आणि जुन्या बांधकामांची देखभाल पाहणारे लोक यांच्याकडून सतत येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. खोऱ्यातला निसर्ग एका खात्याकडे आणि वारसा दुसऱ्याकडे, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी असते. पाण्याला मात्र ही वाटणी ठाऊक नाही. जो प्रवाह काठ खातो, तोच जुन्या भिंतीचा पाया उघडा पाडतो, आणि भिंत वाचवायला ओतलेले काँक्रीट शंभर मीटर खालचा काठ तोडते. म्हणून इथे दोन्ही बाजूंचा विचार एकत्रच केला आहे.

काम कुठून सुरू करावे?

वरून. ज्या जागी नुकसान दिसते, त्याचे कारण बहुधा तिथे नसते. निवडलेला पट्टा आधी उगमाच्या दिशेने चालून पाहा आणि नकाशावर पुढील गोष्टी टिपा: नदीला मिळणारे ओढे आणि गटारे, ढासळलेले काठ, जनावरे पाण्यावर उतरतात त्या जागा, बंधारे आणि पूल, पाणथळ जागा, जुन्या भिंती, पायऱ्या, पुराच्या खुणा. प्रत्येक महत्त्वाच्या जागी एक कायमचा छायाचित्र-बिंदू ठरवा. कॅमेऱ्याची उंची, दिशा आणि चौकट दर वेळी तीच ठेवा.

शक्य असेल तर सगळे ऋतू पाहिल्याशिवाय मोठे काम हाती घेऊ नका. कोरड्या दिवसांत ओसाड वाटणारा वाळूचा पट्टा पक्ष्यांची घरटी घालायची जागा असतो. निकामी वाटणारी खोलगट जमीन पुराचे पाणी साठवत असते. पहिल्या वर्षी सर्वांत उपयोगी पडते ती 'इथे काहीही करायचे नाही' अशा जागांची यादी.

प्रयोगशाळेशिवाय पाण्याची प्रकृती कशी ओळखावी?

पाण्यातल्या किड्यांवरून. रासायनिक चाचणी त्या क्षणाचे पाणी सांगते, तर किडे गेल्या काही महिन्यांचे. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातच टिकतात. त्या गायब होऊन फक्त चिलटांच्या लाल अळ्या आणि तांबडे बारीक गांडूळवर्गीय किडे उरले असतील, तर प्राणवायू कमी पडतो आहे. या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, त्यामुळेच त्या तशा पाण्यातही तग धरतात.

पद्धत सोपी आहे. उथळ, खळाळत्या, गोटे असलेल्या जागी अर्धा ते एक मिलिमीटर छिद्रांची जाळी तळाला टेकवून धरा. जाळीच्या वरच्या अंगाला उभे राहून पायाने गोटे हलवा. सुटलेले किडे प्रवाहाबरोबर जाळीत येतात. एकूण तीन मिनिटे पुरेत. पांढऱ्या थाळीत ओतून गटवार मोजा आणि जिवंत परत सोडा. दर वेळी तीच जागा, तेवढाच वेळ आणि तोच ऋतू ठेवला नाही, तर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

प्राणवायू मोजायचा असेल तर पहाटे मोजा. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री तोच वापरतात. दुपारी उत्तम दिसणाऱ्या डोहात पहाटे मासे गुदमरत असतात. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. ५ च्या खाली बहुतेक माशांवर ताण येतो, २ च्या आसपास ते मरू लागतात. यावरून काठाची सावली का हवी, हेही कळते: पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो.

काठ ढासळतो आहे. दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधावी का?

आधी एक गोष्ट तपासा. धूप फक्त बाहेरच्या वळणावर आहे की दोन्ही काठांवर? बाहेरच्या वळणावर काठ झिजणे आणि आतल्या वळणावर वाळू साचणे हा नदीचा स्वभाव आहे, तो आजार नव्हे. तिथे घर, रस्ता किंवा जुनी वास्तू धोक्यात नसेल, तर नदीला तेवढी जागा देणे सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ ठरते.

दोन्ही काठ एकाच वेळी ढासळत असतील, तर तळ खोल जातो आहे. कारणे सहसा तीन: खाली कुठेतरी वाळूचा उपसा, नदी सरळ केलेली असणे, किंवा वरच्या धरणात गाळ अडकल्यामुळे खाली सुटणारे 'भुकेले', म्हणजे गाळाविना आलेले आणि तळ खरवडणारे पाणी. वाळू उपशाचा खड्डा जागच्या जागी राहत नाही. त्याच्या वरच्या कडेला पाणी उडी घेते, ती कड झिजत झिजत उगमाकडे सरकते आणि वाटेत पुलांचे पाये उघडे पाडते. अशा ठिकाणी काठावर कितीही खर्च केला तरी भिंत खालून पोखरून पडते. आधी तळ स्थिर झाला पाहिजे.

कठीण भिंतीची दुसरी अडचण म्हणजे तिच्यावर आदळलेल्या पाण्याचा जोर कुठे जातो. खडबडीत, झुडपांनी भरलेला काठ प्रवाहाचा वेग खातो. गुळगुळीत भिंत तो वेग तसाच पुढे पाठवते. धूप थांबत नाही, ती पुढच्या वळणावर किंवा समोरच्या काठावर जाते.

सजीव उपाय करायचा तर क्रम चुकवू नका. पहिल्यांदा काठाचा पायथा, म्हणजे नेहमीच्या पाणीपातळीपर्यंतचा भाग, मोठे दगड किंवा काथ्याच्या जाड गुंडाळ्या खुंट्यांनी घट्ट बांधून पक्का करा. मग वरचा उभा काठ उतरता करा. शेवटी लागवड. एकच अपवाद: उभ्या मातीच्या कड्यात खंड्या, वेडे राघू किंवा पाकोळ्यांची बिळे असतील, तर विणीच्या काळात कड्याला हात लावू नका आणि जमल्यास तो भाग कायमचा तसाच ठेवा. अशी उभी माती दुसरीकडे बनवून देता येत नाही.

काठावर जिवंत फांद्यांच्या खुंट्या ठोकल्या, पण त्या जगल्या नाहीत. काय चुकले?

बहुतेक वेळा यांपैकी एक. खुंट्या उलट्या ठोकल्या गेल्या (डोळे वरच्या दिशेला हवेत). तोडून ठेवल्या आणि वाळल्या. तोडल्यापासून लावेपर्यंत त्या पाण्यात बुडवून ठेवायला हव्यात. झाड पानांत असताना तोडल्या, त्याऐवजी ते सुप्तावस्थेत असताना तोडायला हव्या होत्या. किंवा फार वरवर लावल्या. वाळुंजासारख्या, फांदीपासून सहज मुळे फुटणाऱ्या झाडाची दोन ते चार सेंटिमीटर जाड आणि ६० ते ९० सेंटिमीटर लांब फांदी घ्या. तिचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग मातीत जाऊन ओलीपर्यंत पोचला पाहिजे. कठीण मातीत आधी पहारीने भोक पाडा, नाहीतर साल सोलली जाते. अंतर ६० ते ९० सेंटिमीटर, रांगा एकमेकींच्या फटीत. भोकात हवा राहू देऊ नका. माती पायाने दाबा.

पहिल्या पुरात सगळेच गेले असेल, तर दोष खुंट्यांचा नाही. पायथा बांधलेला नव्हता.

काठावर झाडांचा पट्टा किती रुंद असावा? कोणती झाडे लावावीत?

शेतातून वाहून येणारा गाळ अडवायला दहा मीटर रुंदीचा दाट गवत-झुडपांचा पट्टाही चांगले काम करतो. विरघळलेली खते, सावली आणि प्राण्यांचा वावर हे सगळे साधायचे असेल, तर ३० मीटर किंवा जास्त हवा. पण रुंदीपेक्षा सलगता मोलाची आहे. पाणी पट्ट्यातून पसरून वाहिले तरच गाळ खाली बसतो. एक चर किंवा पाऊलवाट पट्टा कापत थेट नदीत उतरत असेल, तर सगळे पाणी तिथूनच जाते आणि बाकीचा पट्टा नुसता उभा राहतो. पट्ट्याची पाहणी म्हणूनच जोराच्या पावसात करावी.

सगळीकडे झाडे लावण्याचा उत्साह आवरायला हवा. वाळूची बेटे, नैसर्गिक गवताळ काठ आणि पाणथळ जागा झाडांविनाच पूर्ण असतात. पाण्यालगत लवचीक झुडपे आणि खोल मुळांचे गवत, मधल्या उतारावर मध्यम झाडे, वरच्या अंगाला मोठे वृक्ष, ही साधारण रचना. बी त्याच खोऱ्यातले घ्या. एका ठिकाणच्या एकूण बियांपैकी दहा टक्क्यांहून जास्त गोळा करू नका आणि ते अनेक झाडांवरून घ्या. एकाच झाडाच्या बियांपासून वाढवलेली हजार रोपे पुढच्या पिढीला दुबळी करतात.

जलपर्णी दर वर्षी काढतो, तरी परत येते. का?

कारण नदीत तिचे अन्न येतच राहते. दक्षिण अमेरिकेच्या ॲमेझॉन खोऱ्यातून जगभर पसरलेली ही वनस्पती पोषक पाण्यात एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. चिखलातले बी १५ वर्षांहून अधिक काळ रुजण्याजोगे राहते. म्हणजे एकदाची मोहीम उपयोगाची नाही.

फुले येण्याआधी काढा. वरच्या टोकाकडून खाली या. कामाच्या खालच्या अंगाला तरंगता अडथळा आडवा बांधा, नाहीतर तुटलेले तुकडे खाली जाऊन नवी वसाहत करतात. काढलेला ढीग पूररेषेच्या वर न्या. काठावर ठेवलेला ढीग पुढच्या पुरात परत नदीत जातो, आणि तोवर त्यातून सुटणारे पाणी नदीत पोषके सोडत राहते. या वनस्पतीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते, त्यामुळे दोन-तीन दिवस सुकवून मग वाहतूक केली तर कष्ट फार वाचतात. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी फेरी मारून उरलेली रोपे हाताने वेचा. खरा खर्च याच फेऱ्यांवर करावा. सांडपाणी थांबेपर्यंत त्या थांबवता येत नाहीत.

जाळ्या, गमबूट आणि होड्या एका नदीतून दुसरीत नेताना तपासा, धुवा आणि निदान ४८ तास कडकडीत वाळवा. बूटाच्या तळव्याला चिकटलेला तुकडाही पुरतो.

नदीत पडलेले झाड काढावे का?

पुलाच्या कमानीत अडकले असेल किंवा प्रवाह थेट एखाद्या वास्तूवर वळवत असेल तर काढा. एरवी राहू द्या. त्याच्यामागे डोह बनतो, माशांना आडोसा मिळतो, पाण्याचा वेग मोडतो. फक्त पूल अडवणाऱ्या फांद्या छाटल्या आणि खोड ठेवले, असेही चालते.

जुन्या दगडी घाटाच्या दरजा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरल्या तर काय बिघडते?

दगड बिघडतो. जुनी भिंत पाणी आत घेते आणि दरजांमधून बाहेर सोडते. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे ओल आणि क्षार तिच्यातून निघतात आणि झिजायचे ते चुना झिजतो. सिमेंटची दरज कठीण आणि घट्ट. ओल मग दगडातूनच बाहेर पडते, क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठाखाली वाढतात आणि पापुद्रे सुटू लागतात. दहा-वीस वर्षांनी सिमेंटची जाळी जशीच्या तशी पुढे आलेली आणि दगड मागे खंगलेला, असे दृश्य दिसते. चुना बदलता येतो. घडीव दगड तसा बदलता येत नाही.

दुरुस्तीची रीत अशी:

सैल झालेला मसाला छिन्नीने हाताने काढा. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर. यांत्रिक कटर नको, त्याने दगडाच्या कडा कापल्या जातात. धूळ धुऊन काढा आणि दरज ओली ठेवा. कोरडा दगड मसाल्यातले पाणी शोषून घेतो आणि चुना भुसभुशीत होतो. मिश्रण साधारणपणे एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग धुतलेली, टोकदार कणांची वाळू. नदीची फार बारीक, गोल वाळू एकटी वापरली तर मसाला आकसून तडकतो. मसाला घट्टसर असावा आणि थरांनी दाबून भरावा, एका थरात वीसेक मिलिमीटरपेक्षा जास्त नाही.

साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. पाण्याखाली तो घट्ट होतच नाही. म्हणून पाणीपातळीच्या आसपास हायड्रॉलिक चुना, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा चुना, लागतो किंवा साध्या चुन्यात भाजक्या विटांची बारीक सुरखी. हा फरक न कळल्याने खालच्या पायऱ्यांची कामे एका पुरात धुऊन जातात. पाणी उतरल्यानंतर पुढच्या पुरापर्यंत शक्य तितका मोठा अवधी मिळेल असा मुहूर्त धरा. काम ओल्या गोणपाटाने झाका, पाणी शिंपडत राहा, कडक ऊन आणि ५ अंशांखालची थंडी टाळा.

भिंतीत मूळ धरलेले झाड ओढून काढावे का?

बोटापेक्षा बारीक रोप असेल आणि भिंत ओली असेल तर हलकेच ओढा. त्याहून मोठे झाड ओढले तर मुळाबरोबर आतला भराव येतो. बुंधा तळाशी कापा, दर महिन्या-दीड महिन्याने फुटवे छाटत राहा. पानेच मिळाली नाहीत की मूळ उपाशी मरते. पाण्यालगत तणनाशक फवारू नका. मेलेले मूळ पुढे कुजून पोकळी ठेवते, हे बहुतेक वेळा विसरले जाते. ती पोकळी चुन्याच्या पातळ मसाल्याने खालून वर भरत जा, म्हणजे हवा वरून निघते. एका दिवसात अर्ध्या मीटरहून जास्त उंची भरू नका, ओल्या मसाल्याचा दाब भिंतीला पोट आणतो. मुळांनी दगड विस्थापित केले असतील तर क्रमांक घालून, छायाचित्रे घेऊन ते उतरवा आणि पुन्हा बसवा.

जुना बंधारा वारसा आहे, पण माशांची वाट अडवतो. कोणाची बाजू घ्यावी?

हा खोऱ्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याला सरसकट उत्तर नाही. आधी बंधारा खरोखर अडवतो का ते पाहा. बंधाऱ्याच्या वर आणि खाली कोणत्या जाती मिळतात याची तुलना करा. लहान माशांना ३० सेंटिमीटरची उभी उडीही अशक्य असते, तर मोठ्या पुरात बुडून जाणारा बंधारा काही जातींना वर्षातून काही दिवस मोकळा असतो.

अडथळा खरा असेल, तर पायऱ्या-पायऱ्यांनी विचार करा. बाजूने वळण घेणारा वळसा-ओढा काढता येतो का? मूळ बांधकामाला धक्का लागत नाही म्हणून जागा असेल तिथे आमची पहिली पसंती यालाच. जागा नसेल तर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गोट्यांचा उतार, एकास वीस किंवा त्याहून सौम्य, मध्ये विसाव्याचे डोह ठेवून. माशांच्या वाटेचे तोंड मुख्य प्रवाहाजवळ हवे. मासे जोराच्या पाण्याकडे जातात. तोंड शांत कोपऱ्यात असेल तर सगळा खर्च वाया.

मोडकळीला आलेला, ना वापर ना विशेष मोल असलेला बंधारा काढणे योग्य ठरू शकते. अमेरिकेतल्या एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ दरम्यान टप्प्याटप्प्याने काढली आणि सॅमन मासे वरच्या पात्रात परतले. पण त्याआधी मागे साठलेला गाळ तपासलाच पाहिजे. हडसन नदीवरचे फोर्ट एडवर्ड धरण १९७३ मध्ये काढले, तेव्हा मागे अडकलेला पीसीबी या विषारी रसायनाने भरलेला गाळ खाली वाहून गेला. काढण्याआधी बंधाऱ्याची मोजमापे, दगडांवरच्या खुणा आणि बांधणीची पद्धत नोंदवून ठेवा.

पुराच्या जुन्या खुणा जपण्यात काय अर्थ?

त्या आकडे आहेत. कैरोच्या रोडा बेटावरचा ८६१ मधला नाईलमापक असो किंवा एल्ब नदीत फक्त दुष्काळात उघडे पडणारे, जुन्या दुष्काळांची वर्षे कोरलेले दगड असोत, मोजणी यंत्रे येण्याआधीच्या पाण्याची माहिती अशाच जागी आहे. खुणेचे सगळे मोल तिच्या उंचीत असते. सुशोभीकरणात दगड काढून प्रवेशद्वारापाशी बसवला, की तो दगड उरतो आणि माहिती जाते. खुणेची उंची एखाद्या पक्क्या संदर्भबिंदूपासून मोजून लिहा, तिरप्या उजेडात छायाचित्र घ्या, रंग भरू नका.

काठ खचल्यावर जुने लाकूड किंवा भांडी दिसली. काय करावे?

उकरू नका. मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, जागा आणि खोली टिपा, पुरातत्त्व खात्याला कळवा. वस्तू वाहून जाण्याच्या बेतात असेल तरच उचला. ओल्या चिखलातले लाकूड हवेत सुकू दिले तर काही दिवसांत आकसून फाटते. ते त्याच नदीच्या पाण्यात, झाकून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. स्वीडनचे 'वासा' जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्याच्या लाकडावर १७ वर्षे संरक्षक द्रव फवारावा लागला, यावरून काळजी किती घ्यावी लागते ते समजेल.

धरणातून नदीसाठी किती पाणी सोडायला हवे?

अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ टेनंट यांची १९७६ ची पद्धत ढोबळ मोजमाप देते: वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाणी म्हणजे जेमतेम तग, ३० टक्क्यांना बरी स्थिती, ६० टक्क्यांना उत्तम. ती अमेरिकेतल्या काही राज्यांच्या ओढ्यांवर बेतलेली आहे, म्हणून बोलणीला सुरुवात करण्यापुरतीच वापरावी. शिवाय वर्षभर एकसारखे सोडलेले पाणीही नदीला मानवत नाही. माशांच्या विणीला चढते पाणी लागते, गोट्यांमधला गाळ धुवायला लहान पूर लागतो, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी वाळू उघडी राहावी लागते. मागणी करताना टक्क्यांबरोबर महिने आणि चढ-उताराचा वेगही लिहून द्या.

नदीकाठाचे सुशोभीकरण होणार आहे. काय विचारावे?

पुराचे पाणी आता कुठे पसरते आणि उद्या कुठे जाईल? सांडपाणी थांबते आहे की झाकले जाते आहे? पाणी आणि काठ यांच्यामध्ये उभी भिंत येते का? म्युनिकमध्ये २००० ते २०११ दरम्यान ईझार नदीच्या सुमारे ८ किलोमीटर पट्ट्यात उलटे काम झाले. काँक्रीटचे काठ काढून पात्र रुंद केले, गोट्यांचे उतार दिले, पूरसुरक्षाही वाढवली आणि लोकांना पाण्यापर्यंत उतरता आले. वारशाची बाजूही विचारा. ड्रेस्डेनच्या एल्ब खोऱ्याला २००४ मध्ये मिळालेला जागतिक वारसा दर्जा खोऱ्यातून जाणाऱ्या पुलामुळे २००९ मध्ये काढून घेतला गेला. तिथे एखादी इमारत पडली नव्हती, सलग दृश्य तुटले होते. रात्रीचे दिवे खाली तोंड करून, मंद पिवळसर आणि पाण्यावर प्रकाश न पडेल असेच असावेत.

स्वच्छता मोहिमेत कशाची काळजी घ्यावी?

जखम असलेल्यांनी पाण्यात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शिरतात. जाड हातमोजे, बंद बूट, सुया-काचांसाठी वेगळा कठीण डबा. मातीत रुतलेले प्लास्टिक फावड्याने खणू नका, काठ सैल होतो. विणीच्या काळात गोटे उचकटू नका. पिशव्या त्याच दिवशी पूररेषेच्या बाहेर जाऊ द्या. कचरा प्रकारानुसार तोलून लिहा. 'इतके टन उचलले' यापेक्षा 'निम्म्याहून जास्त एकाच ओढ्यातून आला' ही नोंद पुढच्या वर्षीचे काम कमी करते.

फरक दिसायला किती काळ लागतो?

सांडपाणी थांबले तर पाण्याचा वास आणि रंग काही आठवड्यांत बदलतो. किडे एक ते तीन वर्षांत परततात, तेही वरच्या अंगाला कुठेतरी जिवंत वसाहत उरली असेल तर. सावली देणारी झाडे व्हायला दीड-दोन दशके. फ्लोरिडातली किसिमी नदी १९६२ ते १९७१ मध्ये १६६ किलोमीटरच्या वळणांतून ९० किलोमीटरच्या कालव्यात कोंबली. तिची काही वळणे परत देण्याचे काम १९९९ मध्ये सुरू झाले आणि २०२१ मध्ये संपले.

पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे?

पहिल्याच दिवशी काडीकचऱ्याची रेघ कुठवर आली ते खुंट्यांनी किंवा छायाचित्रांनी नोंदवा. एका पावसात ती पुसली जाते. पायऱ्यांवरचा गाळ ओला असतानाच मऊ झाडू आणि बादलीने काढा. सुकला तर घट्ट बसतो, आणि मग लोक उच्च दाबाचा फवारा आणतात, जो दरजांतला चुना उडवतो. भिंतीच्या पायथ्याशी लोखंडी गज टोचत चाला. गज सहज आत गेला तिथे पाया पोखरला आहे. ती जागा लगेच मोठ्या दगडांनी तात्पुरती भरा आणि चुन्याचे काम पाणी पूर्ण उतरेपर्यंत थांबवा. काठावर अडकलेले प्लास्टिक काढा, पण गाळाचे नवे थर आणि ओंडके तिथेच राहू द्या. पुढची रोपे बहुधा त्याच गाळात, कोणी न लावता, उगवतात.